अल्सासच्या बाटलीला पेट्रोलचा वास

३ नोव्हेंबर, सोमवार
आल्या: बाटल्या तीन. अल्सास, बोर्डो, बर्गंडी. फ्रान्सचे प्रांत. प्रत्येकी पंच्याऐंशी रियाल, हॉटेलच्या खर्चाने. दारू काढून टाकलेली वाइन म्हणे. हलालचा शिक्का आहे. तरी दुधाशेजारी ठेवू दिल्या नाहीत. बाल्कनीत, फिनेलजवळ.

हे हॉटेलात पेयांच्या खरेदीला. फ्रेंच शेफने ह्यांना चव घेऊन मत लिहायला सांगितलंय. ह्यांना बारमाही सर्दी, आल्याचा आणि साबणाचा वास सारखाच. म्हणाले, तू जरा हुंगून सांग. मी म्हटलं, तोबा!

४ नोव्हेंबर, फजरच्या नमाजानंतर
युक्ती सुचली. असं घाण लिहायचं की शेफ ह्यांना पेयांवरून हाकलेल. तांदूळ-खजुराच्या खात्यात जागा रिकामी आहे. इज्जतीचं काम. मॅट्रिकला निबंधात पहिली आले होते मी. दोन दिवसांत सुटका.
नियम: फक्त हुंगायचं.

५ नोव्हेंबर
एकेक चमचा घेतला. न चाखता लिहिणं म्हणजे खोटी साक्ष.
अल्सास: पेट्रोल भरताना गाडीची काच उघडी राहिली.
बोर्डो: पेन्सिलीची सालं. नंतर तोंड कच्च्या केळ्यासारखं आवळतं.
बर्गंडी: बकरी ईदच्या आदल्या दिवशीचा गोठा, वर कुजका पाला.
शी!
अफनानने इंग्रजी केलं. नववीत आहे. म्हणाली, अम्मी, सो मीन! मी म्हटलं, एक शब्द गाळू नकोस.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
बाटल्या ओतून टाकणार होते. पण नासाडी गुनाह. अर्धा कप अल्सास बांगड्याबरोबर. बांगड्याबरोबर घाण कमी लागते. बोर्डो मटणाबरोबर तपासावी लागेल. माहिती म्हणून.

९ नोव्हेंबर
हे हसत आले. शेफने मत सगळ्या किचनला वाचून दाखवलं. पेट्रोलच्या ओळीला उभाच राहिला. म्हणाला, त्या द्राक्षाची हीच खूण, इथे कुणी ओळखली नव्हती. गोठ्याच्या ओळीला ह्यांना मिठी मारली. मी विचारलं, आणि तांदूळ? म्हणाले, तांदळाचं नाव काढू नकोस आता.
आणखी सहा बाटल्या दिल्यात. काळजी नाही. मागच्या वेळी मी सौम्य लिहिलं.

१२ नोव्हेंबर
लुआरची पांढरी: मांजर मुतलंय. ऱ्होनची लाल: जळकं रबर, घामट चामडं. बाकीच्या चारही अशाच. एवढं वाचून माणूस जेवणार नाही. खात्री करायला प्रत्येकी दोन कप घ्यावे लागले.

१६ नोव्हेंबर
मांजराच्या मुतावर ह्यांना बढती मिळाली. रियाधच्या नव्या हॉटेलात पेयांचे मुख्य. राहायला स्टाफची खोली, एकट्याची. अल अझीझियातलं हे घर कंपनीचं, महिनाअखेर सोडायचं. अफनानची शाळा वर्षाच्या मध्येच तुटणार.
म्हटलं, शेफला खरं सांगा, जीभ माझी आहे. म्हणाले, काय सांगू, बायकोला नऊ बाटल्या पाजल्या? तिकडे हुंगणार कोण, विचारलं. हे नाक शिंकरत बसले.
खेडला भाईजानना फोन नको. भाभी स्पीकरवर ठेवतात, सगळी आळी ऐकते. पत्र लिहिलं. नक्कल:

भाईजान, सलाम. हे रियाधला मोठ्या हुद्द्यावर चालले. मी आणि अफनान महिनाअखेर खेडला येतो. कारण विचारू नये. माडीवरची खोली भाड्याने दिली आहे की रिकामी, उलट टपाली कळवावे.