येताना टाळ आण

हर्षदा,

मोबाईल शोधू नकोस, मी तो शेजारी गंगीआजीकडे नेलाय. रोज मी कीर्तन लावलं की ती कुडापलीकडून ओरडायची, "सुनिता, आवाज वाढव गं, बुवा काय पुटपुटतो!" आज ओरडली नाही म्हणून बघायला गेले, तर पडलेली. नर्सताई म्हणाल्या, आता हलवू नका, रात्र निघायची नाही. तिचा मुकेश वसईला कामावर, फोन उचलत नाही. तिचे डोळे मिटलेत, पण अभंग लागला की बोटं हलतात.

भाकर टोपल्यात आहे, खाऊन घे. येताना माझे टाळ आण. तिच्याकडे लाईट नाही, मोबाईल कधीही बंद पडेल. मग आपण दोघी म्हणू. मोठ्याने हं, पुटपुटायचं नाही.

आई