रिकामी पेटी

सोमवार, ३ जुलै
शाळेतली दादागिरी महिनाभरात मुळासकट उपटायची, असा निर्धार केला. मोठ्या बाईंनी काम माझ्याच गळ्यात घातलं. उपमुख्याध्यापक झाल्यावरचा पहिला मान. जिन्याखाली तक्रारपेटी लावली. पितळी कुलूप. नियम माझे : चिठ्ठीवर नाव, वर्ग, सही हवीच. निनावी तक्रार म्हणजे चहाडी. शिपाईमामा म्हणाले, सही करायला पोरं घाबरतील. त्यांना शिक्षणातलं काय कळतंय!

शनिवार, ८ जुलै
एक चिठ्ठी! सातवीतल्या चष्मेवालीची. मधल्या सुट्टीत तिला बाथरूममध्ये कोंडतात, चष्मा लपवतात. कोण, ते लिहिलेलं नाही. वर्गात उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवली, तिच्या नावासकट. पारदर्शकता हवीच. माझी लेक त्याच वर्गाची मॉनिटर, शहाण्यासारखी बसली होती.
घरी तिनं विचारलं, चिठ्ठ्या आल्या तर शाळा वाईट ठरते का? म्हटलं, पेटी रिकामी तीच शाळा चांगली. पोरगी चौकस आहे.

सोमवार, १० जुलै
पेटी उघडायला वाकलं की गुडघा धरतो. लेक म्हणाली, बाबा, पेटी मी बघत जाईन. किल्ली घरी दाराजवळच्या खिळ्याला लावली, जाता-येता तिच्या हाताशी. अशी लेक नशिबानं मिळते.

शनिवार, १५ जुलै
लेकीनं सांगितलं, पेटी रिकामी. एका आठवड्यात!

बुधवार, १९ जुलै
जिन्यात चष्मेवाली भेटली. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. विचारलं, आता सगळं ठीक ना? माझ्या मागे लेक उभी होती, तिच्याकडे बघत चष्मेवालीनं मान हलवली. होकारच असणार. दोघींची मैत्री झालेली दिसते.

शनिवार, २२ जुलै
रिकामी. लेकीच्या दप्तरात चष्मेवालीच्या नावाची कंपासपेटी दिसली. म्हणाली, अदलाबदल केली. बायको नुसती माझ्याकडे बघत राहिली. घरात कौतुक करायची पद्धतच नाही.

मंगळवार, २५ जुलै
शिपाईमामा सांगत आले : चष्मेवाली दर दोन-तीन दिवसांनी पेटीत काहीतरी टाकते, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांना डोळे तपासून घ्यायला सांगितलं.

शनिवार, २९ जुलै
रिकामी. सलग तिसरा आठवडा. अहवालाला शीर्षक दिलं : ‘दादागिरीमुक्त शाळा : एक यशस्वी प्रयोग’. फोटोत पेटीशेजारी लेक.

गुरुवार, ३ ऑगस्ट
चष्मेवाली शाळेत आली, पण वर्गात पोचली नाही. दोन तास शोधाशोध. शेवटी गच्चीच्या दाराशी सापडली. दाराला कुलूप होतं. मामांनी विचारलं तर म्हणाली, वर जायचं होतं. मोकळी हवा हवी असेल. मामा का रडत होते, कळलं नाही. मी कुलूप दोनदा ओढून पाहिलं. उगीच आपलं.

शुक्रवार, ४ ऑगस्ट, सकाळी ११
तिची आई ऑफिसात. म्हणाल्या, पोरीनं सात चिठ्ठ्या टाकल्यात. म्हटलं, ताई, पेटी आमच्याच देखरेखीखाली उघडली जाते. किल्ली कुणाकडे, असं त्यांनी विचारलं. सांगितलं, माझ्या घरी, खिळ्याला. त्या उठून निघून गेल्या. चहाही घेतला नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
लेकीच्या कपाटात, जुन्या वह्यांखाली. सात चिठ्ठ्या. नाव, वर्ग, सही, सगळं नियमाप्रमाणे. सातही चिठ्ठ्यांत त्रास देणारी म्हणून माझ्या लेकीचं नाव. सातव्या चिठ्ठीत खाली लिहिलंय, सर, किल्ली दुसऱ्या कुणाला द्या.
लेक दारात उभी होती. शांतपणे म्हणाली, पेटी रिकामी तीच शाळा चांगली, तुम्हीच म्हणालात ना? मला तिची भीती वाटली. बायकोला हाक मारली तर ती म्हणाली, मला पंधरा दिवस वाटतेय.

शनिवार, ५ ऑगस्ट
निर्धार केला. चिठ्ठ्या खिशात घालून चष्मेवालीच्या घरी गेलो. जिन्यावर वाक्य पाठ केलं : बाळ, न्याय मिळेल, मी स्वतः लक्ष घालतो. आईनं दार फटीएवढंच उघडलं. सातही चिठ्ठ्या दाखवल्या, माफी मागितली. आत पोरगी हळू आवाजात काहीतरी म्हणाली. आईनं ऐकलं आणि त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, ती विचारतेय, ह्यासुद्धा वर्गात वाचून दाखवणार का?
पाठ केलेलं वाक्य आठवेना. दार लागलं. गुडघा धरून जिना उतरलो.