आवळीखालची रिकामी जागा

बुऱ्हाणपूर,
मंगळवार, २० नोव्हेंबर १९५६

चि. वसंतभाऊजी यांस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे. तुमच्या दादांचा खोकला थांबला. एक तारखेपासून आपण नव्या राज्यात गेलो म्हणे. नळाला पाणी मात्र जुन्याच वेळेला येतं. नागपूरची बदली तुम्हीच मागून घेतलीत, तेव्हा खाणावळीची रड सांगू नये.

रविवारी गल्लीतले सगळे तळ्याकाठच्या बागेत आवळीभोजनाला गेलो. ऊन गोड होतं. दादांनी नाव वल्हवली आणि टोपी पाण्यात घालवली. पोरं अजून हसताहेत. यादवकाकांच्या वंदनानं काठावरच काटक्या पेटवून वांगी भाजली, भरीत केलं. तुम्हाला आवडतं तसं, हिरव्या मिरचीचं.

दिवाळीला नाही जमलं, पण आवळीभोजनाला नक्की येतो, काकांकडे वंदनाला मागणी घालतो, असं तुम्ही कळवलं होतं. म्हणून मी पंगतीत तुमचं पान मांडलं. वंदनानं त्यावर भरीत वाढलं.

सगळे बसले आणि आपल्या गल्लीतल्या थोरल्या सरुबाई कडाडल्या, "अगं रजनी, जित्या माणसाचं वाढलेलं पान असं ठेवतात का? ते गेलेल्यांसाठी! बसव कोणाला तरी."

काकांनी खकनारचे एक मास्तर सोबत आणले होते, चुडामण म्हणून. ते संकोचून बाजूला उभे होते. "बसा ना मास्तर," काका म्हणाले. ते बसले. भरीत दोनदा मागितलं. तेवढ्यात वरून आवळीचा पाला त्यांच्या भातावर भुरभुरला.

"शकुन झाला रे यादव!" सरुबाई म्हणाल्या. बायका हसल्या. काकांनी ते हसण्यावारी नेलं नाही. बागेतून निघण्याआधी त्यांनी मास्तरांच्या हातात सोयरिकीचा नारळ दिला.

माघात लग्न आहे.

माणूस वाईट असता तर हे लिहायला सोपं गेलं असतं, भाऊजी.

उष्टी काढताना मी वंदनाला हळूच म्हटलं, "नाही म्हण की गं."

"कोणाच्या भरवशावर, वहिनी? मी रस्त्याकडे तोंड करून जेवले. एकही टांगा थांबला नाही."

मी ते पान मांडलंच नसतं तर? दोन दिवस हेच मनात घोळतं आहे. दादा म्हणतात, ज्याला यायचं तो येतो.

आता रजा मिळाली तरी येऊ नका. माघातही नको. पुढं केव्हाही या. घरात तुमची जागा आहेच. पण यापुढं तुम्ही उंबऱ्यात दिसल्यावरच वाढीन.

तुमची वाट पाहून चुकलेली,
रजनीवहिनी