पंप थांबला तेव्हा

माजरी, ९ मार्च १९५८

तीर्थरूप मायले मुखरूचा दंडवत.

डोमाभाऊ दवाखान्यात सुखरूप आहे. पेज पिते. उजवा हात मातर अजून उठत नाई. तुहे गुडघे कसे आहेत?

डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या पेशीपेशीत मीठ बाहेर फेकणारा पंप असते. रक्त अडलं का तो थांबते, अन् पाणी आत भरते.

माय, मी खाणीतला पंपवाला. पंप थांबला का भरलं ताट सोडून धावतो. भाऊ पडला तेव्हा मातर मिरगी समजून अर्धा घंटा त्याले कांदा हुंगवत बसलो.

आता चालता पंपही मले थांबल्यासारखा वाटते. उगाच धावत जातो.

तू घाबरू नको, भाऊ मले ओळखते. काल माह्या डब्यातला कांदा पाहून त्यानं तोंड फिरवलं.

तुह्या पायाशी,
मुखरू