पुसलेल्या रेघा

हेमांगी,

क्लासहून आलीस की टेबलावर तुझा सर्किट बोर्ड शोधू नकोस. उद्या रोह्याच्या कंपनीत दाखवायचा तो बोर्ड घेऊन मी गणपतीच्या कारखान्यात, शकूताईंकडे बसलो आहे; ही चिठ्ठी इथल्या कामगाराबरोबर घरी पाठवतो आहे.

तुला मदत करावी म्हणून दुपारी तुझी वही उघडली. ‘थिनरने काळं पुसावं’ एवढंच वाचलं आणि तू झेरॉक्सवरून इस्त्रीने उमटवलेल्या रेघा कापसाने पुसत सुटलो. ढग सरल्यावर खाडीवर ऊन पसरावं तसं खालचं तांबं उजळत गेलं. मी भान हरपून बघत राहिलो. आधीचं पान नंतर वाचलं. बोर्ड आधी ॲसिडमध्ये घालायचा होता; ॲसिड उघडं तांबं खातं, आणि त्यापासून तांबं वाचवणाऱ्या रेघाच मी पुसल्या होत्या.

तुला वाटेल, नोकरी मिळू नये, तू इथेच राहावीस म्हणून मी मुद्दाम केलं. तसं नाही. निदान मला तरी तसं वाटत नाही.

शकूताई तुझा आराखड्याचा कागद समोर ठेवून ऑइलपेंटने रेघा आखताहेत, मूर्तीचे डोळे आखतात त्याच ब्रशने. म्हणाल्या, “काका, माझा हात हलला तर गणपती तिरळा बघतो. ह्याचं काय व्हईल?”

मी म्हटलं, “पोर इथंच राहील.”

त्या हसल्या नाहीत. श्वास रोखून त्यांनी पुढची रेघ ओढली.

सहापर्यंत रंग वाळेल. ॲसिडचं तूच कर, मी हात लावणार नाही. सकाळी रोह्याच्या एस.टी.त तुला खिडकीची जागा धरून द्यायला येईन.

आजोबा