वीसपर्यंत मोजायचं

८ सप्टेंबर, सोमवार
गोंदियाले जाऊन आलो. ऑटोनं कंबर मोडली. दवाखान्यात बोलणं शिकवणारी नवीन म्याडम आली हाय. पोरगीच हाय. ह्यांना समोर बसवून विचारलं, नाव सांगा. हे पाहात राहिले. मी सांगितलं, देवचंद. म्याडम म्हणाली, तुम्हाला नाही विचारलं. मग काय, हे बोलेपर्यंत मी तिथंच मुक्काम करायचा होता?

ह्यांना आखाडात लकवा मारला. हातपाय आले परत, बोलणं नाही आलं. शब्द डोक्यात हाय, तोंडापर्यंत येत नाही, असं ती म्हणते. उपाय सांगितला पेपरातलं शब्दकोडं. रोज घरच्यांनी मिळून सोडवा. प्रश्न वाचा अन् मनात वीसपर्यंत मोजा. मधात कोणी उत्तर द्यायचं नाही. ते किती शब्द बोलले ते वहीत लिहा.

मी चौथी शिकली हाय. वीसपर्यंत येते मले.

ठरवलं. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे आमची जत्रा, त्या रात्री नाटक. बावीस वर्षं पडद्यामागं पुस्तक धरून नटांना शब्द देणारे आमचे हेच. यंदाही हेच बसतील. दीड महिना बक्कळ झाला.

वह्या दोन. म्याडमची वही अंजू लिहील. अंजू माझी सून, बारावी पास. ही वही माझी. इथं खरं लिहीन.

९ सप्टेंबर, सकाळी
छोटेलालच्या पानठेल्यावरून पेपर आणला. म्हणे काकू, तुम्ही कधीपासून पेपर वाचता? मी म्हटलं, तू पान लाव.

कोडं सोपं काम हाय. धानाच्या शेतात बांध्या पाडल्यासारखे चौकोन, मधात काळे बांध. रिकामं दिसलं की रोवून टाकायचं. अंजूनं वाचलं, पाण्यात राहणारा, पाठीवर ढाल, तीन घरं. ह्यांनी तोंड उघडलं. मी म्हटलं, कासव. ह्यांनी मान हलवली. म्हणजे त्यांना येतच होतं.

सोळा शब्द अर्ध्या तासात साफ. अंजूनं वहीत शून्य लिहिलं! मी म्हटलं, मान सोळा वेळा हलली की नाही? खोडायले लावलं. सोळा.

११ सप्टेंबर
पेपरवाल्यांना शेती समजत नाही. धानाची रोपं चिखलात लावायचं काम, तीन घरं. मी काल रोवणी लिहिलं. आज उत्तर छापलं लावणी. या तालुक्यात कोणालेही विचारा. पेनानं त्यांचं उत्तर दुरुस्त केलं. त्यामुळं उभे दोन शब्द बिघडतात म्हणे. बिघडोत.

कोपऱ्यात एक घर उरलं होतं. काही सुचेना, म टाकला. पडीत ठेवणं आमच्यात नाही.

१६ सप्टेंबर
वीस आकडे फार होतात. तेवढ्यात दूध उतू जाते. मी दोन, चार, सहा असं मोजते. वीसले पोहोचल्याशी मतलब.

शेजारची धुरपता आता रोज येऊन बसते. जागेश्वर भाऊ पण, एसटीतले रिटायर कंडक्टर. त्यांना वाटते कोडं मजेसाठी हाय. धुरपताले कोणत्याही दोन घरांत सासू दिसते. जुनाट दुखणं, दोन घरं? सासू. रात्री ओरडते ते? सासू. अंजू तोंडाले ओढणी लावून हसते. मी पाहून ठेवलं. जागेश्वर भाऊ घरं मोजतात तेही कंडक्टरसारखंच, आगे बढो, एक सीट अजून खाली हाय.

हे हसले. आवाज आला हसण्याचा. चहा मी केला होता, अद्रक टाकून. त्यानं गळा मोकळा होते.

२४ सप्टेंबर
जागेश्वर भाऊसोबत तोंडातोंडी झाली. म्हणाले, वहिनी, तुम्ही त्याच्या तोंडातून शब्द उपसून घेता. मी म्हटलं, येत नाही म्हणून देते. ते म्हणाले, देवचंद पडद्यामागं बसत होता तेव्हा नट अडकला तरी लगेच शब्द देत नव्हता. नटाले घाम फुटू देई. एक चक्कर मारू देई. मग हळूच पहिलं अक्षर. अक्षरच फक्त. एकदा राजाचं काम करणारा इतका वेळ अडकला की लोकांना वाटलं राजा विचारात पडला, टाळ्या दिल्या.

मी म्हटलं, तो राजा होता. हा माझा नवरा हाय.

जागेश्वर भाऊंनी पेपरात डोकं घातलं. बरोबर बोललं की लोक गप होतात.

तरी ठरवलं, उद्यापासून कोड्याच्या वेळी पदर तोंडात धरून बसीन.

२५ सप्टेंबर
धरला. पदर तोंडात असला तरी तलाव म्हणता येते.

८ ऑक्टोबर
दोन दिवस कामठ्याले होती, बहिणीच्या नातवाचं बारसं. घरी आल्याबरोबर वही पाहिली. परवा तीन, काल पाच. मी विचारलं, मान? अंजू म्हणाली, नाही आई, शब्द. बाबा बोलले. विमान म्हणाले.

हातपाय न धुता ह्यांच्यासमोर बसली. म्हटलं, बोला विमान. हे छताकडं पाहायले लागले. बोला ना. वि. वि म्हणा. विमान, विमान, विमान. तीनदा मीच म्हणाली.

अंजू खोटं लिहून राहिली. धुरपताले विचारलं तर तीही तेच सांगते. जागेश्वर भाऊ पण. काऊन एवढं? मिळून ठरवलं असेल.

१० ऑक्टोबर
विहिरीवर जाते सांगून सयपाकघरात भिंतीआड बसली. अंजूनं प्रश्न वाचला. वडाले लोंबते ते, तीन घरं. मग काहीच नाही. इतकं काहीच नाही की पाल भिंतीवर सरकली ते ऐकू आलं. मले वाटलं उठून गेले सगळे.

मग ह्यांचा आवाज. पा. पा. पारंबी.

त्यांचाच. थोडा जाड झाला. आखाडापासून ऐकला नव्हता.

हातात पाणी भरायचा पितळी गंज होता, तो खाली ठेवला. वाजू नाही दिला.

म्हणजे माझी मेहनत फळाले आली. महिनाभर मी शब्द आत भरून राहिली होती, ते आता बाहेर निघून राहिले. पेरल्याशिवाय उगवते काय? नाटकमंडळाच्या उदारामले निरोप धाडला, देवचंद तयार हाय, पुस्तक घरी घेऊन ये.

१३ ऑक्टोबर, गोंदिया
म्याडम वही पाहून खूश. मी विचारलं, हे माझ्यासमोर काऊन नाही बोलत? ती म्हणाली, समोरच्याची घाई दिसली की त्यांचा शब्द मागं जातो. काही दिवस कोड्याच्या वेळी तुम्ही घरात थांबू नका.

मी म्हटलं, पोरी, तीस वर्षं झाली संसाराले. ह्यांना मीठ किती लागते ते मले माहीत, खोकला कोणत्या बाजूनं येते ते मले माहीत. अन् मीच बाहेर बसू? तुले समजते काय तू काय बोलून राहिली?

ती माझ्याकडं पाहात राहिली. मोजत असेल. मग म्हणाली, हो.

हे भिंतीवरचं जिभेचं चित्र पाहात होते.

१४ ऑक्टोबर
धुरपताच्या अंगणात बसली. धुरपता माझ्या घरी, मी तिच्या. तिची शेळी अन् मी. मधात मातीची भिंत. प्रश्न ऐकू येत नाही, हसणं ऐकू येते.

चांगलंच हाय. बसून शेंगा सोलल्या.

१८ ऑक्टोबर
सात. नऊ. अकरा. अंजूच्या वहीत आकडे चढून राहिले. मी दारात आली की थांबतात. जेवताना धुरपतानं भाजी वाढली तर तिले म्हणाले, बस. मी भात वाढला तर हात आडवा केला.

भाताले हातच करतात, भाजीले बोलतात. असेल.

२४ ऑक्टोबर
उदाराम पुस्तक घेऊन आला. तीन दिवसांवर मंडई. ह्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, चष्मा पुसला, पुस्तक मांडीवर घेतलं. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. बोट बरोबर जागी होतं. उदाराम म्हणाला, द्या काका, पहिली ओळ द्या.

मी दाराशी उभी. मोजत होती. खरं मोजत होती, एकेक आकडा. ह्यांचे ओठ हलले. गळ्याची शीर वर आली. पाच. सहा. उदाराम घड्याळ पाहायले लागला. मले वाटलं, हा उठून जाते आता. आठ. नऊ.

ओळ मी वाचली. चौथी शिकलेली बाई, जोडाक्षरं फोडून फोडून.

ह्यांनी बोट उचललं. पुस्तक मिटलं. उदारामच्या हातात दिलं. तो म्हणाला, पुढच्या साली काका, नक्की. पाया पडला अन् गेला.

उदाराम थोडा थांबला असता तर झालं असतं. आजकालच्या पोरांना दम नाही.

२८ ऑक्टोबर
काल मंडई झाली. नाटकाले दुसरा कोणी बसला. आम्ही गेलो नाही. लाउडस्पीकर घरापर्यंत ऐकू येत होता. नट अडकला की शब्द लगेच येत होता. हे खाटेवर बसून मानेनं नाही नाही करत होते.

आज परत कोडं. मी धुरपताच्या अंगणात. पलीकडून ह्यांचा आवाज आला, को. मग बंद. परत, को. कोणी काही बोलेना. को. जागेश्वर भाऊ तिथं, अंजू तिथं, धुरपता तिथं. तीन धडधाकट माणसं बसून एका माणसाची फजिती पाहून राहिले. को. माझ्याच्यानं होईना. शेळीच्या खुंट्यावर पाय देऊन भिंतीवरून ओरडली, कोंबडा!

पलीकडून अंजूनं प्रश्न परत वाचला, मोठ्यानं.

प्रश्न होता, ओला नसलेला, तीन घरं.

धावतच घरी आली. हे माझ्याकडं पाहात होते. मी म्हटलं, चुकलं माझं, मले प्रश्न ऐकू नाही आला, तुम्ही सांगा, कोरडा ना? कोरडाच ना? म्हणा ना एकदा, माझ्यासमोर म्हणा, मी काही नाही बोलत, हे पाहा पदर धरला, म्हणा, को, को—

हे म्हणाले, चूप.

अडखळले नाही. एका दमात. आखाडापासून माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

मग उठून आत गेले. धुरपता शेळीले पाणी द्यायचं म्हणून निघाली. जागेश्वर भाऊ चपला शोधत राहिले, समोरच होत्या.

मी अंजूले म्हटलं, लिही. आज एक. साफ बोलले, तू ऐकलं. माझ्याशी बोलले.

अंजूनं पेन बंद केला. म्हणाली, आई, राहू द्या.

राहू दिलं.