चौकोनातलं पाणी

सोमवार, १४ एप्रिल

पोचलो एकदाचा! गडहिंग्लजहून आंबोली घाटाने मोटरसायकलवर शिरंगाळ, चार तास आणि तीन चहा. आईला वाटतं, पोरगं गोव्याला गेलं म्हणजे समुद्रकाठी लोळत पडणार. तिला सांगितलं की हा डिचोली तालुका आहे, इथे समुद्र नाही, लाल माती आहे आणि बंद पडलेल्या खाणी आहेत. तिचा विश्वास बसला नाही.

खोली झकास आहे. घरमालक प्रज्योत, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा. त्याचे खनिज वाहणारे दोन टिपर होते. खाण बंद पडली तेव्हा ते विकले आणि तुयेला कारखान्यात लागला. टिपरच्या ड्रायव्हरांसाठी बांधलेली खोली रिकामी होती, ती मला मिळाली. घराला लागूनच, मध्ये फक्त एक बोळ. प्रज्योतची आई सुमंगलाकाकी आणि बायको गौरवीवहिनी घरात असतात. वहिनींना सातवा महिना लागलाय, माहेर मोरजीचं. मला दादा म्हणतात.

काकींनी पहिल्याच दिवशी खतखतं वाढलं. मी दुसऱ्यांदा घ्यायला संकोचलो तर म्हणाल्या, "पोटभर जेव रे पुता, लजूं नाका." मग नाहीच लाजलो. खुर्चीला इथे कदेल म्हणतात. एक कदेल माझ्या खोलीत आणून दिलंय, दारापाशी वाऱ्याला बसायला.

बुधवार, १६ एप्रिल

कामाला सुरुवात. कंपनी फोंड्याची, साहेब सर्वेश, तो तिकडून फोनवर. गावाच्या वरच्या अंगाला खाणीचा जुना खड्डा आहे, हिरवट पाण्याने काठोकाठ भरलेला. त्याचा बांध फुटला तर पाणी खालच्या बावीस घरांपर्यंत येईल का, हे कॉम्प्युटरवर काढायचं. येणार असेल तर पावसाआधी लोकांना हलवायचं, नसेल तर नाही.

वहिनींनी विचारलं, हे काढता कसं? मी भाव खाऊन सांगितलं. गावाचा नकाशा दहा-दहा मीटरच्या चौकोनांत कापायचा. प्रत्येक चौकोनात किती पाणी आलं आणि किती गेलं, हे क्षणाक्षणाला मोजायचं. एका चौकोनातून जे निघालं ते शेजारच्यात मिळालंच पाहिजे. पाणी नाहीसं होत नाही आणि आपोआप येत नाही, सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे. त्यांनी विचारलं, आमचं घर कुठल्या चौकोनात? दाखवलं. पूर्वेला विहीर, दक्षिणेला अंगण, उत्तरेला शेजारच्या पद्मावतीबाईंचं घर, पश्चिमेला माझी खोली. चौकोन फार नीट बसले होते, मलाच कौतुक वाटलं.

शनिवार, १९ एप्रिल

आज मेख सापडली. पूर ओसरताना प्रोग्राम कधीकधी चौकोनात आहे त्याहून जास्त पाणी बाहेर काढतो. मग तिथल्या पाण्याची खोली वजा येते. वजा तीन सेंटिमीटर पाणी! असलं पाणी जगात नसतं, आणि पुढची सगळी आकडेमोड कोलमडते. खरा उपाय म्हणजे वेळेचे तुकडे अगदी बारीक करायचे. पण मग चाळीस मिनिटांचा रन, म्हणजे प्रोग्रामची एक पूर्ण फेरी, चार दिवस चालतो, आणि आम्हाला बांध फुटण्याच्या वेगवेगळ्या शक्यतांचे तीनशे रन हवेत.

सोपा उपाय एका ओळीचा. वजा दिसलं की शून्य लिहून टाकायचं. मी तेच केलं. म्हणजे तेवढं पाणी कुठूनही न घेता आणलं, तत्त्वाने चोरीच. सर्वेशला विचारलं तर तो हसला, सगळे हेच करतात म्हणाला. निदान मनाला बरं वाटावं म्हणून कुठे किती ठिगळ लावलं त्याची यादी छापून घेतो. सर्वांत मोठं ठिगळ विहिरीच्या चौकोनात, तीन हजार लिटर. बाकी किरकोळ.

रविवार, २० एप्रिल

सकाळी काकी विहिरीवर तोंडाला पदर लावून उभ्या. "एका दिसान दोन हात उदक देंवलां. असें केन्नाच जावंक नाशिल्लें." असं कधी झालं नव्हतं म्हणे. मी म्हटलं, उन्हाळा आहे, उतरणारच.

खोलीत येऊन गंमत म्हणून गणित केलं. विहिरीचा व्यास दोन मीटर. पाणी मीटरभर उतरलं तर किती गेलं? तीन हजार लिटर. योगायोगाचं काय, कुठेही गाठतो.

गुरुवार, २४ एप्रिल

काकींनी विहिरीपलीकडच्या माडाचे पाच नारळ फोडले, एकातही पाणी नाही. त्या माडाखालच्या भुताला नारळ ठेवायचा राहिला म्हणून असं झालं, असं त्यांचं म्हणणं. मी हसलो. मग खोलीत येऊन कालच्या रनची यादी काढली. माडाचा चौकोन तिसऱ्या क्रमांकावर होता. हसू तोंडातच राहिलं.

वहिनी डिचोलीला सोनोग्राफीला जाऊन आल्या. बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय. मागच्या वेळी आकडा चौदा होता, आता दहा. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय. काकींनी हंडे-कळशा भरून ठेवल्यात आणि दर तासाला पेला घेऊन वहिनींच्या मागे लागतात.

मंगळवार, २९ एप्रिल

मी इंजिनियर आहे, तर इंजिनियरसारखं वागायचं ठरवलं. दुपारी बाराला विहिरीत दोरी सोडून पातळी मोजली. मग रन लावला. यादीत विहिरीचं ठिगळ दोन हजार आठशे लिटर. चार वाजता परत दोरी सोडली. अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर उतरलं होतं.

हिशोब परत केला, परत तोच. काकींनी चहाला हाक मारली तरी गेलो नाही, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

शुक्रवार, २ मे

आकडा सात. डॉक्टरांनी तपासणीखेरीज प्रवास बंद केला, पूर्ण झोपून राहायचं. पाचाच्या खाली गेला तर थांबता येणार नाही, बाळ आत्ताच काढावं लागेल, आणि ते एवढंसं आहे. प्रज्योत ओट्यावर बसून होता, कामावर गेला नाही. मला म्हणाला की बायको दिवसभर पाणी पितेय, मग पाणी जातं कुठे?

मी याद्या काढल्या. घराचा चौकोन अगदी तळाला, वजा एक पूर्णांक तीन मायक्रॉनच्या आसपास. एवढा आकडा कोण वाचतो? मी नाही वाचला. शंभर चौरस मीटर गुणिले तेवढी खोली, एका रनला सुमारे एकशे तीस मिलीलिटर. तीन रन मिळून चारशे. बाळाभोवतीचं अर्धं पाणी.

हे मी केलंय. एका ओळीत, आळसापोटी, मीच केलंय.

शनिवार, ३ मे

सर्वेशला फोन केला. आधी गणितातून सांगितलं, मग सरळ सांगितलं. तो म्हणाला, उन्हात फिरू नकोस. बायकांचं पाणी मेमध्ये कमी होतंच, शहाळी द्या. अहवाल बारा तारखेला द्यायचाय. फोंड्याच्या मोठ्या मशीनवर तो मंगळवारी तीनशे रन लावणार, याच कोडवर. कोड आमचा सामाईक आहे. मी पुसला तरी त्याच्याकडे प्रत आहे.

तीनशे गुणिले एकशे तीस. एकोणचाळीस लिटर. वहिनींच्या पोटात त्यातलं अर्धा लिटरही उरलेलं नाही.

रविवार, ४ मे

सुचलं! शून्य लिहायचंच नाही. घराला जे कमी पडेल ते शेजारच्या चौकोनातून घ्यायचं. हीच खरी पद्धत आहे, पाणी कुठून तरी आलं पाहिजे. आणि ते कडेला कड असलेल्याच चौकोनातून येऊ शकतं, लांबच्या खाणीतून उडी मारून नाही. म्हणजे शेजारी चारच. विहीर संपत आलीय. अंगण कोरडं ठाक. उत्तरेला पद्मावतीबाईंची तीन नातवंडं. उरली माझी खोली.

डिचोलीहून वीस लिटरचे दहा जार आणून खोलीत रचले. दोनशे लिटर, लागणार एकोणचाळीस. नवी ओळ लिहिली, आधी नेलेले चारशे मिलीलिटर परत द्यायचीही सोय केली. उद्या एक रन लावून मी बाहेर जाईन, खोलीत फक्त पाणी. कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

सोमवार, ५ मे

जार भरलेले. एक थेंब कमी नाही. मी झाकणं उघडून बघितली.

वहिनींना दुपारी कळा आल्या, दवाखान्यात नेऊन थांबवाव्या लागल्या. आकडा सहा.

भांड्यातलं पाणी चालत नाही. काकींचे हंडे भरलेलेच होते की सगळे दिवस, तेव्हाच कळायला हवं होतं. मातीतलं चालतं, झाडातलं चालतं, अंगातलं चालतं. माझा चौकोन रिकामा होता म्हणून ते परत तिच्याकडेच गेलं.

म्हणजे खोलीत मी बसायला हवं.

मंगळवार, ६ मे

सर्वेशच्या अक्षरशः पाया पडलो, फोनवर. तीनशेचे तीस कर म्हटलं. वैतागून हो म्हणाला. तीस म्हणजे चार लिटर. हगवणीत माणूस तेवढं गमावतो आणि जगतो. जारचं पाणी समोर आहे, मीठ-साखर घालून पीत राहीन. भीती वाटते, खोटं कशाला लिहू. पण जमेल.

घरी सांगितलं की ताप आहे, कुणी येऊ नका, लागण होईल. दाराला कडी लावली नाही. मला काही झालं तर प्रज्योतला दार फोडावं लागू नये.

बुधवार, ७ मे

ओठ फुटलेत. जीभ टाळूला चिकटते. पाच-सहा लिटर प्यायलो, लघवी नाही, घाम नाही, पाणी जातं कुठे ते मला माहीत आहे.

काकी खिडकीतून ओरडून सांगून गेल्या. आकडा नऊ! डॉक्टर थक्क झाले म्हणे. जिवात जीव आला. रडलो, पण डोळ्यांतून काही आलं नाही.

गुरुवार, ८ मे

तीस झाले असतील. आता कमी होईल म्हणून वाट पाहतोय. होत नाही.

दुपारी सर्वेशचा मेसेज. तुझी नवी ओळ मस्त आहे, बेरीज पहिल्यांदाच तंतोतंत जुळली, म्हणून सगळे तीनशे लावले. रविवारी रात्रीपर्यंत होतील.

फोन लावला. त्याने हॅलो हॅलो केलं. माझा आवाज निघाला नाही. मेसेज लिहिला, थांबव. अजून वाचलेला नाही.

ओळ पुसली की सुटेन. सामाईक कोड आहे, पुसली की पुढचे सगळे रन परत तिच्या घरावर —
नाही पुसत.

शुक्रवार, ९ मे. सकाळ

हाताची कातडी कागदासारखी. चिमटा काढला तर तशीच उभी राहते.

एकशे चाळीस झाले — स्क्रीनवर दिसतात. उरलेले —

सर्वेशने वाचलेलं नाही.

दुपार

वहिनी आली.

आकडा अकरा. चालायला परवानगी मिळाली म्हणून पहिल्यांदा इथेच आली, रिपोर्ट दाखवायला. दार उघडंच. मला बघून हातातला रिपोर्ट पडला. "दादा, तुमकां कितें जालां?"

बोलता येत नाही. वहीत लिहून दाखवलं — घरी जा. तिने हसल्यासारखं केलं. ताप डोक्यात गेलाय म्हणाली. प्रज्योतला फोन केलाय, गाडी घेऊन येतोय, तोवर हलणार नाही.

कदेल माझ्याजवळ ओढून बसलीय. ओल्या फडक्याने माझे ओठ पुसते. स्वतःचेही ओठ चाटते — परत — म्हणाली, घशाला कोरड पडली —

पोटावर हात ठेवलाय. कपाळावर आठी.

जा — मोठं लिहिलं. पानभर. जात नाही. जारमधलं पाणी पितेय, पेल्यावर पेला —

एकशे बावन्न. एकशे त्रेपन्न.

ओळ पुसली तर इथलं थांबेल. घरावर जाईल. घर रिकामं असेल तर पुसतो — आत्ता, एका बोटाने. पण काकी —

बोट त्या ओळीवर ठेवलंय. डाव्या हाताने लिहितोय. काकी घरात आहेत का — एवढंच लिहून वही तिच्यापुढे धरली.

वाचतेय.

तिने मान